बारखाली अडकलेली ड्रायव्हरबाई

शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईला सगळे ड्रायव्हरबाईच म्हणत, बसमधली पोरंही आणि मुख्याध्यापकही. सकाळी मुलांना शाळेत सोडलं की दुपारी सुटेपर्यंतचा वेळ तिचा. तेवढ्यात ती शाळेमागच्या तळघरातल्या जिममध्ये वजनं उचलून यायची. चाळिशीनंतर बसून बसून कंबर धरायला लागली म्हणून गेली होती, पण मग लोखंडाची गोडीच लागली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. अंगानं अगदी काडी. तो म्हणायचा, "आपल्या घरात भांडण झालं तर मी आधीच माफी मागून ठेवतो."

त्या दुपारी जिममध्ये ती आणि व्यायाम शिकवणारा उस्ताद असे दोघेच होते. जेवायला वर जाताना उस्तादनं बजावलं, "बाई, मी येईपर्यंत बेंचवर जड काही घेऊ नका. घ्यायचंच तर आडवे दांडे लावून घ्या."

वजनांचा बार हातातून सुटला तर झेलायला बेंचच्या दोन्ही बाजूंना ते दांडे असतात. पण शाळा सुटायची वेळ जवळ आली होती आणि दांडे लावायचा तिनं कंटाळा केला. वर वजनाच्या प्लेटा सरकू नयेत म्हणून बारच्या दोन्ही टोकांना क्लिपा घट्ट बसवल्या. क्लिपा नसत्या तर बार एका बाजूला कलवून प्लेटा पाडता आल्या असत्या. हे तिला नंतर कळलं.

बेंचवर आडवी होऊन तिनं बार खाली घेतला. तो छातीला टेकला आणि तिथेच बसला. तिनं जोर लावला. डावी बाजू उचलली गेली, उजवी नाही. आणि उजव्या खांद्यात कापड फाटल्यासारखं टरकन काहीतरी झालं. हातातला जीवच गेला. बार गळ्याकडे घरंगळू लागला तसा तिनं तो डाव्या हातानं कसाबसा थोपवला.

"उस्ताद!"

भिंतीवरचा स्पीकर ढणाढणा वाजत होता. तिची हाक तिलाच धड ऐकू आली नाही. श्वास सोडला की बार आणखी खाली दबायचा, आणि सोडला तेवढा श्वास परत आत यायचा नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आपण इथे अशाच मरणार, आणि मुलं फाटकाशी दप्तरं घेऊन बसची वाट बघत राहणार, एवढंच तिच्या मनात आलं.

वर ढकलता येत नाही, तर खाली लोटावं. तिनं डाव्या हातानं बार पोटाकडे रेटला. एकेका बरगडीवरून तो करकचत गेला. पोटावर आला तेव्हा ती ओरडलीसुद्धा नाही, ओरडायला हवाच नव्हती. बार मांड्यांवर आल्यावर ती उठून बसली आणि तो धाडकन खाली पडला. त्या आवाजानं उस्ताद उष्ट्या हातानं धावत आला.

"हात हलवू नका! रिक्षा बोलावतो."

"मुलं थांबलीत," ती म्हणाली आणि डाव्या हातात किल्ली घेऊन निघालीही. बसमध्ये चढली, सीटवर बसली. उजवा हात स्टिअरिंगपर्यंत जाईना. मागच्या रिकाम्या सीटा आरशात दिसल्या. याच हातानं आपण मुलांना घेऊन निघालो होतो! तिनं शाळेत फोन लावला. "दुसरा ड्रायव्हर बघा. मी आज गाडी चालवायची नाही."

डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याचा स्नायू हाडाशी अर्धवट फाटला आहे. ऑपरेशन लागणार नाही, पण हात झोळीत ठेवायचा आणि मग धीरानं व्यायाम.

"हात पूर्वीसारखा वर जाईल ना?"

"बहुतेक जाईल."

तो 'बहुतेक' तिच्या कानात रुतून बसला. आधी काही दुखत होतं का, असंही त्यांनी विचारलं. दुखत होतं. मागच्या सीटवरची पिशवी ओढताना खांद्यात कितीदा चमक आली होती. तिनं बाम चोळला होता आणि प्लेटा वाढवल्या होत्या.

खांद्याचं दुखणं ती सगळ्यांना सांगायची. दुसरं मात्र कोणाला सांगितलं नाही. तिला पाठीवर आडवं होता येईना. छातीवर नुसती चादर आली तरी ती झटकून उठायची. भिंतीला टेकून झोपायची आणि विचारलं तर म्हणायची, खांदा अवघडतो.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं एके दिवशी तिला सतरंजीवर निजवलं आणि छातीवर आडवी हलकी काठी धरायला दिली. ड्रायव्हरबाईनं ती फेकून दिली. घामानं चिंब झाली होती.

"खांदा दुखला?"

"नाही."

"मग?"

मग तिनं सगळं सांगितलं. नवरा बाहेर बाकावर होता, दार उघडंच होतं. घरी परतताना तो म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?"

"एवढी दांडगी बाई चादरीला घाबरते, काय सांगायचं?"

"मी हसलो असतो असं वाटलं तुला?"



पुढच्या वेळी फिजिओनं काठी बाजूला ठेवली. आधी नुसतं आडवं होणं, मग छातीवर टॉवेल, मग काठी. बोथट दुखलं तर चालेल, सणक आली की थांबायचं. स्नायू लवकर भरला, भीती मागे राहिली. दुसऱ्या ड्रायव्हरला शेजारी बसवून तिनं आधी मैदानात रिकामी बस फिरवली, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच मुलांची फेरी पुन्हा हातात घेतली.

जिममध्ये गेली तेव्हा नवऱ्याला सोबत नेलं. उस्तादनं दांडे लावून दाखवले, क्लिपा काढून खिशात टाकल्या. बारवर एकही प्लेट नव्हती. ती आडवी झाली. डोक्याशी उभा असलेला नवरा तिला उलटा दिसत होता. त्यानं काटकुळी बोटं बारखाली धरली होती.

"धरू का?"

"नको. नुसते उभे राहा."

"अगं, मला भीती वाटतेय."

"मलाही," ती म्हणाली. तिनं बार खाली घेतला. तो छातीला टेकला. तिनं श्वास सोडत तो वर ढकलला आणि बेंचच्या आकड्यांवर परत ठेवला.

"अजून एकदा?" उस्तादनं विचारलं.

"आज नाही," ती म्हणाली आणि उठून बसली.