सत्तरीच्या अक्कांनी रहस्यकादंबरी का वाचू नये?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय. शेजारच्या सुमनअक्कांना घेऊन शिरपूरच्या एका वाचनालयात गेले होते. अक्का सत्तरीच्या, साठीनंतर वाचायला शिकलेल्या. त्यांनी नवी रहस्यकादंबरी मागितली.

ग्रंथपाल हसले. "अक्का, या वयात खून-बिन कशाला? व्रतकथा न्या."

अक्का आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "भाऊ, त्या माले पाठ शेतस. खुनी कोन शे, ते माले वाचनं शे!"

तरी दिली नाही. मी माझ्या कार्डावर मागितली, तर तीच कादंबरी लगेच मिळाली! सोबत एका नर्सबाईंचं नवं आत्मकथनही घेतलं आणि ग्रंथपालांसमोरच दोन्ही पुस्तकं अक्कांच्या हातात ठेवली.

कुणी काय वाचायचं, हे ठरवणारे हे कोण? तुम्हाला अलीकडे आवडलेल्या कादंबऱ्या, आत्मकथनं सांगा. प्रेम, प्रवास, भुतंखेतं, सगळं चालेल. अक्का भराभर वाचतात.