मक्याच्या टाकीपाशी बाबा

काल पावाचं पीठ जास्त आंबलं आणि किचनभर वास सुटला. मला दोन हजार चार सालचं अमेरिकेतलं केंटकी राज्य आठवलं.

बाबा तेव्हा भारतातून मिशिगनमधल्या ॲन आर्बरला आमच्याकडे आले होते. त्यांना घेऊन मी केंटकीच्या टेकड्यांमधल्या वळणावळणांनी ड्राइव्ह करत, जुनी घरं दाखवत एका डिस्टिलरीत, म्हणजे व्हिस्की गाळण्याच्या कारखान्यात गेलो. बाबांनी तीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत काढली होती. त्यांच्या कपड्यांना मळीचा वास यायचा, म्हणून लहानपणी मी त्यांना शाळेत येऊ नका म्हणायचो.

लाकडी टाकीत आंबत्या मक्याचा फेस संथपणे बुडबुडत होता. बाबांनी वाकून वास घेतला.

"उद्या सकाळी तयार होईल. विचार त्यांना."

मी विचारलं. टूर देणारा म्हातारा चकित झाला. "यांना कसं कळलं?"

"माझे वडील हेच काम करायचे," मी म्हणालो. परक्या माणसाला हे मी पहिल्यांदाच सांगत होतो. म्हाताऱ्याने टोपी काढून बाबांचा हात हातात घेतला.

गाडीत बाबांनी विचारलं, "काय सांगितलंस रे त्यांना?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस."

तेव्हा वाटलं, बाबा खूश झाले. आता ते नाहीत, आणि मला कळतं, मी माफी न मागताच त्यांनी मला माफ केलं होतं.