अंगठ्याचा खड्डा
कणकेच्या गोळ्यात अंगठा रुतला की पडलेला खड्डा भरून येत नाही. तो पाहिला की मला पेडगावातली आमची ओसरी आठवते. निजामाच्या राज्यात आमच्या गावातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि सुट्टीत घरी आलो होतो. माहेरी आलेली बहीण सात महिन्यांची गरोदर होती. परभणीच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं आईला बहिणीची नडगी अंगठ्यानं दाबून बघायला शिकवलं होतं, तीनदा आपल्यासमोर करून घेतलं होतं: "खड्डा राहिला तर त्याच दिवशी गाडी जुंपा." त्या सकाळी आई मला म्हणाली, "बाबा, खड्डा भरंना. गाडी जुंप." मी पुस्तकातून मानसुद्धा वर केली नाही. "पोटुशीचे पाय सुजतातच, आई. नर्सबाई उगं भेव घालायलीय." "तू शिकलेला हायस, तुझंच खरं," आई म्हणाली आणि भाकरी थापायला गेली. तिसऱ्या दिवशी बहिणीला झटके आले. गाडी जुंपली, पण परभणी यायच्या आधीच ती गेली, पोटातल्या लेकरासकट. आईनं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. मी बी.ए. झालो तेव्हा गावभर साखर तिनंच वाटली. ती पदवी मी अजून नावापुढं लावतो.