मागच्या गॅलरीतला खांब

शहराच्या वारसा समितीच्या कार्यालयात मी नकाशे काढते. आमच्याकडे जुन्या इमारतींची एक यादी आहे. त्या यादीतल्या घरात मालकाने आतून काय करायचं ते बरंचसं त्याच्या मर्जीवर असतं, पण रस्त्यावरून जे दिसतं त्याला हात लावायचा तर आधी विचारावं लागतं. खिडकी बदलायची असो की भिंतीचा रंग, आधी अर्ज, फोटो, मोजमापाचा नकाशा, मग महिन्यातून एकदा बसणारी समिती, मग जागेवर पाहणी. लोक वैतागतात. आमच्या घराला आम्ही रंग लावायचा तर तुम्ही कोण, असं टेबलावर हात आपटून विचारतात. मी समजावून सांगते. माझा या कामावर विश्वास होता, आजही आहे. म्हणून तर जे झालं ते जास्त लागतं.

लाकडाचं माप घ्यायला मला मामाने शिकवलं. आमचं घर किन्हवलीला, पण आरेखकाचा कोर्स करताना मी दोन वर्षं मुरबाडला त्याच्याकडे राहिले. एसटी स्टँडच्या मागे त्याचं पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप होतं. दारं, चौकटी, लग्नातले पलंग अशी कामं असायची. सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतूनही लोक त्याच्याकडे यायचे. संध्याकाळी भुशात बसून मी त्याच्या लाकडांची चित्रं काढायची आणि तो रंधा थांबवून माझी चूक दाखवायचा. ओरडायचा नाही. चुकलेल्या रेघेवर नुसतं बोट ठेवायचा.

मी नोकरीला लागून चार वर्षं झाली होती तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेचा अर्ज आला. बाजारपेठेत तिची तीन मजली इमारत होती. रस्त्याकडच्या गॅलरीला सागवानी कठडा, त्याला कातीव खांब, मध्ये फुगीर आणि वर-खाली वळी असलेले. ते कुजून पडायला आले होते. दुसरं कुणी असतं तर लोखंडी ग्रिल मागितलं असतं. बाईंना लाकूडच हवं होतं. समितीने अट घातली की नवे खांब हुबेहूब जुन्यासारखे असावेत. बाईंनी मला विचारलं की असं काम करणारा सुतार कुठे मिळेल. मी मामाचं नाव सांगितलं. तो माझा मामा आहे हे बाईंना सांगितलं नाही, कार्यालयातही नाही.

मापं मीच घेतली. पुढच्या गॅलरीवर उभं राहायची सोय नव्हती, फळ्या हलत होत्या. म्हणून मागच्या गॅलरीतल्या एका धड खांबाचं माप घेतलं. सगळे खांब सारखेच असणार असं मी धरून चालले. नकाशा समितीत मंजूर झाला.

मामा पहिल्यांदा ती इमारत बघायला आला तेव्हा आधी मागचा खांब पाहून आला, मग नकाशाची प्रत घेऊन रस्त्यात उभा राहिला आणि बराच वेळ वर बघत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाय, यो खांब आन वरचे खांब येक नाय गो. वरचे पोटात जाड हायेत. तू मापलास तो मागाहून कुनीतरी बसवलेला दिसतो."

मी वर पाहिलं. मला फरक दिसला नाही, किंवा दिसला असेल तरी मी तो मनावर घेतला नाही. नकाशा बदलायचा म्हणजे पुन्हा समितीपुढे जायचं, एक महिना वाया, वर आमच्या कार्यालयाच्या साहेबांचं बोलणं. मी त्याला सांगितलं की मंजूर झालंय तसंच कर. त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं आणि म्हणाला, "तू म्हनतेस तसं."

दोन महिने तो त्या खांबांना लागलेला होता. मुरबाडच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचा की भाचीच्या हापिसाचं काम आहे, मोठ्या शहरातलं. मामी मला फोनवर सांगायची की जेवायला बोलावलं तरी उठत नाही.

खांब बसले आणि समिती पाहणीला आली. अध्यक्ष स्वतः जुने वास्तुविशारद. एका टोकाला दोन मूळ खांब तसेच ठेवले होते, त्यांच्या शेजारी मामाचे. आता फरक कुणालाही दिसला असता. मामाचे खांब सडपातळ होते, वळी बारीक होती. अध्यक्षांनी दोन्हींवरून हात फिरवला आणि विचारलं, "नकाशा कोणी काढला?"

"मी," मी म्हणाले.

"मापं बरोबर होती ना?"

माझ्या नोकरीच्या कंत्राटाची मुदत त्याच महिन्यात संपत होती. साहेब माझ्याकडेच बघत होते. जिन्याशी मामा उभा होता, त्याच्या हातात घडी घातलेला नकाशा होता, माझ्या सहीचा.

"हो सर," मी म्हणाले.

"मग सुताराला काम येत नाही," अध्यक्ष म्हणाले. रागाने नाही, एखादी नोंद करावी तसं. मी खाली पाहिलं. पुन्हा मान वर केली तेव्हा मामा तो नकाशा शर्टाच्या खिशात ठेवत होता. त्याने तो कुणालाही दाखवला नाही.

बाईंना पत्र गेलं की अनुभवी कारागिराकडून काम पुन्हा करून घ्यावं. पत्राचा मसुदा माझाच. नव्या सुतारासाठी मी शिडी लावून पुढच्या खांबाचं माप घेतलं, नवा नकाशा काढला आणि जुन्याच्या जागी फाइलला लावला. तारीख जुनीच ठेवली. मामा आपले खांब उतरवून टेम्पोतून मुरबाडला घेऊन गेला. मी त्या दिवशी रजेवर होते. रजा मुद्दाम घेतली होती.

त्यानंतर त्याने मला त्याविषयी एका शब्दाने विचारलं नाही. सणाला गेले तर नेहमीसारखा बोलायचा, पण माझ्या कामाबद्दल काही विचारायचा नाही. शहरातलं कुठलंही काम त्याने पुन्हा घेतलं नाही. मामीच म्हणाली की बाजारात लोक विचारतात, म्हणून तिकडून जायचंही त्याने सोडलंय.

दीड वर्षाने त्याला दम लागायला लागला. जन्मभराचा भुसा छातीत गेलेला. कल्याणच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी भेटायला गेले. तो पडवीत भिंतीला टेकून बसला होता. मामी आत होती. मी सगळं सांगितलं: माप माझं चुकलं होतं, मी खोटं बोलले, नकाशाही बदलला.

तो मध्येमध्ये श्वास घेत ऐकत होता. मग म्हणाला, "मापाची चूक माझ्या हातनं पन झालीय, कैक येळा. त्याचं काय नाय."

त्याला पुन्हा श्वास घ्यावा लागला.

"ते बोलले का सुताराला काम येत नाय," तो म्हणाला, "तवा तू खाली बघलंस. तेवढं नको व्हतं गो."

एवढंच बोलला. मी रडले तेव्हा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण काही झालं नाही असं तो म्हणाला नाही. तो तसं खोटं बोलणारा माणूस नव्हता. पुढच्या महिन्यात तो गेला.

दिवस झाल्यावर मी समितीला पत्र लिहिलं. खरं काय घडलं ते सगळं, सुतार माझा मामा होता हेही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, इमारतीचं काम पूर्ण झालंय, प्रकरण बंद आहे, सुतार हयात नाही, आता हे पुढे नेऊन कुणाचं भलं होणार? मी म्हटलं, तरी फाइलला लावा. त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि पत्र फाइलला लावलं. नोकरी राहिली. मामाविषयी चुकीची नोंद झाली होती एवढं एक वाक्य समितीच्या पुढच्या इतिवृत्तात आलं.

त्या पानाची प्रत काढून मी एसटीने मुरबाडला गेले. मामी दारात तांदूळ निवडत होती. मी तिला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं.

"त्याचं नाव कुठंय यात?" तिने विचारलं.

नाव नव्हतं. 'संबंधित कारागीर' असं लिहिलं होतं. मी तिला तसं सांगितलं. ती सुपातले खडे वेचत राहिली आणि थोड्या वेळाने मला म्हणाली, जेवून जा.