आमच्या साडूंची पॉलिसी

विमा या गोष्टीवर आमच्या साडूंइतकी निष्ठा असलेला मनुष्य भिवंडी तालुक्यात दुसरा झाला नाही; खुद्द विमा कंपनीत तर नव्हताच, हे मी लेखी पुराव्यानिशी सांगू शकतो. साडू मूळचे खारबावचे. घरी भातशेती होती, पण सत्तरच्या सुमारास ते शहरात आले आणि यंत्रमागाच्या कारखान्यांना बदली कामगार पुरवू लागले. ज्या शेठचा कारागीर गावी गेला त्याने सकाळी निरोप धाडावा आणि साडूंनी तासाभरात माणूस उभा करावा, असा तो धंदा. तो करणारे पुष्कळ होते. आपल्या माणसांचा अपघाती विमा स्वखुशीने उतरवणारे मात्र हे एकटेच, आणि त्यामुळे ते थोडे वेडे आहेत याबद्दल बाजारात एकमत होते.

पॉलिसी इंग्रजीत होती आणि मी तेव्हा दिवाणी न्यायालयात कारकून होतो. दर रविवारी साडू ती मेणकापडात गुंडाळून माझ्याकडे आणीत, पाय धुऊन बसत आणि पोथी ऐकावी तशी ऐकत. मध्येच थांबवून शंका काढीत. कारागिराला मागाखाली विंचू चावला तर? डबा खाताना ठसका लागून पडला तर? एका लग्नाच्या पंगतीत, मांडवाच्या खांबाकडे बराच वेळ पाहून त्यांनी मला मोठ्याने विचारले, की हा आचाऱ्याच्या डोक्यात पडला तर भरपाई वधूपक्षाने द्यायची की वरपक्षाने. मी कलम सांगितले. वरबाप त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. रोज सकाळी चहाच्या टपरीसमोर ते आपल्या माणसांना दोन्ही पंजे पसरायला लावीत, बोटे मोजीत आणि मगच कामावर धाडीत. शेठलाही बजावीत, "दस के दस गिन के भेजे हैं, दस के दस वापस चाहिए." कारागीर त्यांना ज्योतिषी म्हणत आणि हसत हसत हात पुढे करीत.

या अतिदक्षतेतूनच ती चूक घडली. कंपनीने अर्जात केवळ माणसांची संख्या विचारली होती. साडूंना ते अपमानास्पद वाटले. "मानसं काय गुरं हायत, डोकी मोजायला?" असे म्हणून त्यांनी बाराही जणांचे नाव, बापाचे नाव आणि गाव अशी यादी अर्जाला जोडायला लावली. ती सुवाच्य अक्षरात लिहून देणारा मी, कायदा जाणतो असे म्हणवणारा. आणि भिवंडीची रीत तर अशी, की गावी जाणारा कारागीर आपली जागा टिकावी म्हणून आपला माग आणि आपले नाव, दोन्ही दोस्ताच्या हवाली करून जाई. हजेरीत रामलखन, मागावर उभा हनीफ. हे सर्वांना ठाऊक असे आणि कोणालाच त्यात गैर वाटत नसे.

बहिणीच्या लग्नासाठी यादीतला रामलखन गावी गेला असताना, मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा टोकदार धोटा उडाला आणि त्याच्या जागी उभ्या हनीफचा डावा डोळा गेला. कंपनीचे उत्तर मला आजही पाठ आहे: यादीतील रामलखन सुखरूप आहे, हनीफ यादीत नाही, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. इतका निर्लज्ज युक्तिवाद मी न्यायालयातही ऐकला नव्हता. उडण्यापूर्वी धोट्याने यादी वाचायला हवी होती काय, असे मी त्यांना रजिस्टर पोस्टाने विचारले. एकूण नऊ पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर सभ्य म्हणावे असे नव्हते.

त्या कारखान्याचा शेठ भला माणूस, त्याने सोपा तोडगा काढला. जखमी झाला तो रामलखनच, एवढे साडूंनी एका कागदावर लिहून द्यावे. पैसे आले की हनीफलाच मिळतील. हनीफचीही तयारी होती. न लिहावे तर, माणूस पुरवणारे तेच म्हणून, सारी भरपाई साडूंच्या अंगावर येऊन खारबावचे शेत जाणार, हे मी त्यांना समजावून सांगितले. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी खोटे लिहायला माझाही हात शिवशिवत होता. साडू म्हणाले, "साडूभाऊ, डोला त्याचा गेला. त्यावर नाव पन दुसऱ्याचं लिवलं, मंग त्याचं ऱ्हायलं काय?"

प्रकरण ठाण्याला नुकसानभरपाईच्या आयुक्तांपुढे गेले. मागावर रामलखन नव्हता हे तुम्हाला माहीत होते काय, असे कंपनीच्या वकिलाने दरडावून विचारले. साडू म्हणाले, होते. मग यादी खोटी? साडूंनी वकिलाला सोडून आयुक्तांकडे पाहिले. "सायेब, बारा मानसांचा हप्ता भरला. त्या दिवशी बाराच उभी व्हती." माझ्या नऊ पत्रांत हे एक वाक्य नव्हते.

निकाल आमच्या बाजूने लागला. कचेरीबाहेरच्या बाकावर बसून मी आदेश हिंदीत सांगू लागलो आणि रकमेपाशी आलो, तोच हनीफने हात करून थांबवले. पहिली ओळ पुन्हा वाचा म्हणाला. मोहम्मद हनीफ वल्द अब्दुल करीम, बदली कामगार, भिवंडी. सहा वर्षे तो या गावात दुसऱ्यांच्या नावांवर राबला होता आणि त्याच्या स्वतःच्या नावाचा इथला हा पहिला कागद होता. त्याने ती ओळ तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी घड्याळ पाहिले, आणि साडूंनी मला कोपर मारले. "वाचा ना. घाई हाय का तुमाला?" मी वाचली.

साडू जाऊन बरीच वर्षे झाली. कचेऱ्यांशी माझी भांडणे चालूच आहेत आणि क्वचित मी जिंकतोही. पण निकाल हाती आला की शेजारून कोणी कोपर मारीत नाही, आणि माझी नजर सरळ रकमेवर जाते.