व्हिलनची वायर

"पोचलीस की मिस कॉल दे गं," मी पहिल्या नोकरीला निघताना आई म्हणाली होती. मी "हो हो" म्हणाले आणि विसरले.

आज लेकीबरोबर नाशकात एक ॲनिमेशनपट पाहिला. त्यात घर सांभाळणारं एआय व्हिलन होतं. घरातली मुलगी बाहेर गेली तर परत येणार नाही, या भीतीनं ते दारच उघडत नव्हतं. शेवटी तिनं त्याची वायर उपटली. थिएटरभर टाळ्या पडल्या, माझे मात्र डोळे भरले.

"मम्मी, व्हिलनसाठी रडतेस? थांब, तुझीपण वायर काढूनच हॉस्टेलला जाते!"

मैत्रिणींनो, त्याचं चुकलंच. पण "सुखरूप पोचले" एवढं त्याला कधी कुणी कळवलंच नव्हतं.

आई आता नाही. उद्या लेक पुण्याला निघेल. बाळा, तूही "हो हो" म्हणून विसरशील, तरी सांगते, पोचलीस की मिस कॉल दे गं.