टाकी फुल आणि हंडे विहिरीवर

एप्रिल संपत आला होता. पालीजवळच्या एका वाडीत आम्ही बांधलेली टाकी काठोकाठ भरलेली होती. आणि तिच्याच शेजारून वनिताकाकी रिकामा हंडा घेऊन खालच्या विहिरीकडे निघाल्या होत्या. गुडघ्याला पट्टा बांधून!

पावसाचं पाणी पिण्यासाठी साठवा, या मोहिमेत मी काम करते. "बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरवा" असं आमच्या पत्रकावर ठळक छापलेलं असतं. काम अवघड नाही. शाळेच्या छपराला पन्हळ लावायची, पाइप टाकीत सोडायचा. सुरुवातीच्या सरी छपरावरची धूळ, पालापाचोळा, कावळ्यांची घाण धुऊन आणतात. ते पाणी बाहेर सोडायचं, त्याला आम्ही फर्स्ट फ्लश म्हणतो. नंतरचं पाणी बंद, अंधाऱ्या टाकीत ठेवलं की उन्हाळ्यात पिता येतं. म्हणजे, कुणी प्यायलं तर.

नळाला कुलूप होतं.

"काकी, हे काय?"

"मुंबयवाल्यांसाठी ठेवलाय. मे महिन्यात पोरा येणार हायत."

"आणि तुम्ही?"

"आमाला वीर हाय ना."

विहीर म्हणजे जांभ्याच्या तुटक्या पायऱ्या आणि तळाला गढूळ पाणी. माझं डोकं सणकलं. किल्ली वाडीप्रमुख आबांकडे होती.

"आबा, ही टाकी बायकांसाठी बांधलीय!"

"मग? बायकांनीच ठरवलानी."

काकी मागून म्हणाल्या, "गेल्या मे महिन्यात वीरीच्या पाण्यान नातवाचा पॉट बिघडला, अर्ध्यातून परत नेलानी त्याला. परत तसा झाला तं पाठवतील काय?"

मी पत्रक घडी करून पिशवीत टाकलं. मी ऑफिसला फोन लावला.

"सर, टाकी अजून फुल आहे."

"एक्सलंट! फोटो पाठव."

"सर, कोणी पीतच नाहीये."

"ते फोटोत दिसतं का?"

मेमध्ये काकींचा मुलगा, सून, नातू आले. गाडीच्या डिकीत बाटलीबंद पाण्याचे बॉक्स! सूनबाई म्हणाल्या, "आई, गेल्या पावसाळ्यातलं पाणी? त्याला सूट नाही होणार." मी टेस्टची बाटली दाखवली. पाणी दूषित असेल तर ती काळी पडते, पडली नव्हती. "छान आहे टेस्ट," त्या म्हणाल्या. बॉक्स संपले. मुलगा पालीला जाऊन नवे घेऊन आला. नातू मात्र सुट्टीभर ठणठणीत राहिला. काकी खूश, आणि मी एकटीच धुमसत होते.

पाहुणे गेल्यावर मी टाकी साफ करून घ्यायला पोचले. पावसाआधी ती रिकामी करून घासावी लागते.

"आबा, नळ सोडा."

काकी माझ्यावरच उखडल्या. "एवढा चांगला पाणी मातीत? डोका फिरला काय गो तुझा?"

"मग प्या ना!"

"आता पिणारच की. पावणे गेले ना."

कुलूप निघालं, हंड्यांची रांग लागली. पाऊस येईपर्यंत वाडी टाकीचं पाणी प्यायली. काकींचा गुडघा वर्षातले ते थोडे दिवस तरी सुटला.

आता नव्या वाडीत गेले की छपराचं माप मी नंतर घेते. पाहुणे कधी येतात ते आधी विचारते, आणि त्यांच्यासाठी वेगळी, छोटी टाकी बांधून देते. मोठीचं पाणी मग बायका बिनधास्त पितात.

छोट्या टाक्या सगळीकडे फुल आहेत.